शेतातली दगडी वर्तुळं
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)

आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटायच्या आधी वक्त्याला उभं करायचं, हे आपल्या मंडळाचं धोरण मोठं हुशारीचं आहे. कोणी उठून जात नाही!

मी मूळचा नागपूरकडचा, बंगळूरला येऊन बरीच वर्षं झाली. विद्यार्थी असताना काही हंगाम उत्खननावर काढले, त्यातलं थोडं सांगतो. आमच्याकडे शेतात मोठमोठे धोंडे गोल मांडलेले दिसतात. मध्ये माती-गोट्यांचा भराव, वर गवत. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. ना शिलालेख, ना नाणं. मग काळ ठरवायचा कसा?

दगडाचं वय काढून उपयोग नसतो, तो मांडला कधी हे हवं असतं. त्यासाठी त्याच्याखाली आणि शेजारी काय आहे ते पाहावं लागतं. १८६७ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनापाणीची वर्तुळं खणली, वस्तू ब्रिटिश म्युझियमला गेल्या. पण काळाचा धागा पक्का सापडायला पुढचं शतक उजाडावं लागलं. १९६८-६९ मध्ये शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा इथे उत्खनन केलं. खाप्याला वर्तुळं, टाकळघाटला वस्ती. दोन्हीकडे तीच काळी-तांबडी खापरं! वस्तीतल्या कोळशाचं वय कार्बन पद्धतीनं काढता येतं, आणि खापराच्या ओळखीनं ते वर्तुळापर्यंत नेता येतं. अशा रीतीनं ही वर्तुळं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात जाऊन बसली. पुढे नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली आणि माहुरझरीला माणसासोबत पुरलेला, तांब्याच्या अलंकारांनी सजवलेला घोडा.

आम्ही खणलं ते वर्तुळ मात्र एकटंच होतं, पऱ्हाटीच्या शेतात. जवळपास वस्तीचा मागमूस नाही. अशा वेळी वर्तुळाचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन खणतात आणि मधली मातीची भिंत राखतात, म्हणजे थर उभे दिसतात. हे फार सावकाश चालतं. काळ्या मातीत आणखी एक पंचाईत असते. उन्हाळ्यात तिला हात-हात भेगा पडतात, वरची वस्तू खाली जाते. कालच्या चुलीतला कोळसा आज तीन हजार वर्षांपूर्वीचा म्हणून हाती यायचा! म्हणून गोट्यांच्या न हललेल्या भरावाखाली जे मिळेल त्यावरच भिस्त ठेवायची.

शेतमालकाची आई रोज न्याहारीच्या वेळी येऊन बसायची. एके दिवशी म्हणाली, "काऊन जी भाऊ, हंडा गवसला का?" मी नाही म्हटलं. "मंग इतके दिवस खापरंच धुवून राह्यले का?" आता काय उत्तर द्यावं! मी तिला एक खापर दाखवलं, आतून काळं, बाहेरून तांबडं. भट्टीत उपडं भाजलं की असं होतं. तिनं ते बोटांनी दाबून पाहिलं आणि म्हणाली, "पातळ केलंय. हात चांगला होता." आमच्या अहवालात त्या खापराचं वर्णन चार ओळींत आहे, इतकं नेमकं नाही.

मालकाला तिथे संत्र्याची बाग लावायची होती. वखर दगडांना अडतो, बैल हैराण होतात. एक हंगाम त्यानं आमच्यासाठी थांबवला, हेच खूप. न खणलेले दोन भाग आम्ही मुद्दाम राखून ठेवले, कारण उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारी पोथी. उद्या अधिक चांगली साधनं येतील, त्या लोकांसाठी काही शिल्लक हवं. दोन वर्षांनी गेलो तर बाग उभी होती आणि धोंडे धुऱ्यावर रचलेले होते. आमचे राखीव भाग जेसीबीनं एका सकाळीत सपाट झाले होते. मालकानं आम्हाला चहा पाजला. त्याच्यावर राग धरावा असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण अर्धं वर्तुळ सोडायचा आमचा निर्णय शास्त्राला धरून होता की नव्हता, यावर मित्रांमध्ये अजून वाद होतो. मी आजही अर्धं सोडण्याच्याच बाजूचा आहे.

असे दगड बघायला नागपूरलाच जायला हवं असं नाही. आपल्याच राज्यात चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरी आहे. अशोकाचे लेख तिथलेच. १९४७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तिथल्या वस्तीचे थर आणि महापाषाणी थडगी एकमेकांशी जोडून दाखवली. त्यांनी धरलेला काळ इसवी सनापूर्वी दोनशेच्या आसपासचा होता. पुढे हळ्ळूरच्या कार्बन तारखांनी इथलं लोहयुग थेट इसवी सनापूर्वी हजारपर्यंत मागे नेलं.

दसऱ्याच्या सुट्टीत तिकडे जायचा बेत आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी प्रसाद घेऊन झाल्यावर माझ्याकडे नावं द्यावीत. टोपी आणि पाणी आणावं, फावडं आणू नये!