नमुने इथले, प्रश्नही इथले



बत्तीस शिराळ्यात येऊन नागाचं नाव न घेता भाषण सुरू केलं, तर तुम्ही मला खाली बसवाल. म्हणून तिथूनच सुरुवात करतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष वापरतात. त्यासाठी लागणारं विष बहुतांशी तमिळनाडूत, इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेत काढलं जातं. सापाची जात एकच असली तरी विष मुलुखागणिक बदलतं. त्यामुळे तिकडच्या विषावर बेतलेलं औषध इकडच्या दंशाला तितकंच लागू पडेल, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

एचआयव्हीसोबत येणाऱ्या कर्करोगांचं तसंच आहे. पूर्व आफ्रिकेत कपोसी सार्कोमाने दवाखाने भरले. आपल्याकडे तो क्वचितच दिसतो. आपल्या वाट्याला प्रामुख्याने गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि लिम्फोमा आले. एचआयव्हीने शरीराचा पहारा ढिला केला की एचपीव्हीसारखे दुसरे विषाणू मोकाट सुटतात. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर बायकांच्या सुमारे सहापट असतो. 2004 पासून सरकारी केंद्रांत एआरटीच्या गोळ्या मोफत मिळू लागल्या, माणसं जगू लागली. ज्या बायका तेव्हा तिशीत होत्या, त्या आज पन्नाशीत आहेत. या खोऱ्यातली किती माणसं गिरण्यांत आणि गोदीत राबायला मुंबईला गेली, आणि त्यांच्या मागे घरी राहिलेल्या बायकांना काय सोसावं लागलं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तर यावर संशोधन करायचं कोणी? माझं उत्तर सरळ आहे. ज्याच्या ओपीडीत ती बाई येते, त्याने. आणि त्याला तसं तयार करण्याची जबाबदारी आपली.

हे खेड्यात होत नाही असं कोणी म्हणालं की मी बार्शीचं नाव घेतो. 1987 मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. इथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हता, मग कागद कुठून येणार? म्हणून तिथल्या डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं गावोगाव धाडली. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांत ती हिंडली. सरपंचाशी, नर्सबाईंशी बोलली. अंगावरून जाणं, न भरणारी जखम, गाठ यांची चौकशी करत राहिली. पुढे आकडे तपासले तेव्हा दिसलं, की या नुसत्या जाण्यायेण्याने आणि बोलण्याने बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर तपासायला येऊ लागल्या होत्या.

त्याच पायावर 1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातली मोठी चाचणी उभी राहिली. 52 गावगट, 1,31,746 बायका. 2009 मध्ये निष्कर्ष आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. त्याआधी जगाला हे इतक्या ठामपणे कोणी दाखवलं नव्हतं. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नव्हती, यावर पुढे बराच वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. स्थानिक संशोधक तयार करायचा तर त्याला संख्याशास्त्राइतकीच संशोधनाची नीतीही शिकवली पाहिजे.

मुंबईच्या वस्त्यांमधल्या टाटा रुग्णालयाच्या चाचणीत तर तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. चार टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड कापसाने गर्भाशयमुखावर लावायचं, मिनिटभर थांबायचं, झगझगीत दिव्याखाली पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पुण्यात ‘प्रयास’ संस्थेने एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये याच पद्धती पडताळून पाहिल्या. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने एचआयव्हीच्या आणि कर्करोगाच्या नोंदी एकमेकींशी जुळवल्या. ते काम 2016 मध्ये छापून आलं. म्हणजे पुण्यापर्यंत वाट झाली आहे. पुढची, सांगली-मिरज-शिराळ्याची, आपणच करायची आहे.

बाहेर जाऊन शिकायला माझी हरकत नाही. कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या, पेशीसंवर्धन शिकल्या आणि परत येऊन मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभारली. चेन्नईच्या मराठी गायतोंडे घरातल्या सुनीती सॉलोमन परदेशात विकृतिशास्त्र शिकून परतल्या. 1986 मध्ये त्यांच्या विद्यार्थिनीने, निर्मला यांनी, रक्ताचे ऐंशीहून अधिक नमुने गोळा केले, रक्तद्रव घरच्या फ्रीजमध्ये ठेवलं आणि तपासायला वेल्लोरला नेलं. देशातला एचआयव्ही असा सापडला. अमेरिकेच्या फोगार्टी केंद्राने 1988 पासून एड्स संशोधनाचं प्रशिक्षण देऊन अनेक देशांतली माणसं घडवली, हेही मान्य. पण परतलेल्या माणसाला पद नाही, खोली नाही, सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला तर नवा आणायला सहा सह्या लागतात! मग तो परत जातो. आपण त्याला देशद्रोही म्हणतो आणि चहा पितो. दुसरी गत याहून वाईट: माणूस राहतो, पण नमुने पाठवणारा म्हणून. प्रश्न दुसऱ्याने ठरवलेला, निष्कर्षही दुसऱ्याने काढलेला, याचं नाव शेवटी आभारात.

माझी सगळी नोकरी काचपट्ट्या पाहण्यात गेली, तेव्हा तिथलंच एक सांगतो. रुग्णाला एचआयव्ही आहे, मानेला गाठी, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. क्षयच असणार म्हणून औषध सुरू होतं, आणि बहुतेक वेळा क्षयच असतोही. पण गाठी बसत नाहीत तेव्हा काय? सुईने काढलेल्या चार थेंबांवर लिम्फोमाचा प्रकार ठरत नाही. अख्खी गाठ काढावी लागते आणि ती लगेच फॉर्मलिनमध्ये जावी लागते. माझ्याकडे अशी गाठ एकदा सलाइनच्या बाटलीत आली, तीही तीन दिवसांनी. उघडली तर नुसता लगदा. त्या माणसाला काय झालं होतं, ते कोणत्याही नोंदवहीत नाही.

आपल्या भागात क्षयाच्या औषधांना दाद न देणाऱ्या अशा किती गाठी लिम्फोमाच्या निघतात? हा प्रश्न बाहेरच्या कोणाला सुचणार नाही, कारण त्याच्याकडे क्षयाचे इतके रुग्णच नाहीत. त्यासाठी परदेशी अनुदानाची वाट पाहायची गरज नाही. एआरटी केंद्र, क्षयरोग विभाग आणि मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालय यांनी एक सामाईक नोंदवही ठेवावी. रुग्णांची नावं गुप्त राहतील याची सोय पहिल्याच पानापासून असावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी एकाला हाच विषय प्रबंधाला द्यावा, आणि नोंदी गोळा करणाऱ्या परिचारिकेचं नाव लेखकांच्या यादीत घालावं.

दुपारच्या सत्रात गाठ काढून बाटलीत भरण्याचं प्रात्यक्षिक आहे. फॉर्मलिन गाठीच्या किमान दहापट घ्या, आणि चिठ्ठी झाकणावर लावू नका, बाटलीवर लावा. झाकणं बदलतात.