वीजतंत्रीच्या शिक्षणाचा हिशोब
(चंद्रपूर-गडचिरोलीतील महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की गटात एक प्रश्न हमखास येतो. ‘ताई, पोरगी आयटीआयला जातो म्हणते, पण आपल्याला परवडेल का?’ आज त्याचा हिशोब मांडू. मी वीजतंत्रीचा कोर्स केला आहे आणि त्यावरच माझं पोट चालतं, म्हणून हिशोब त्याच कोर्सचा.

मुलगी आणि आयटीआय म्हटलं की शिवणकाम ठरलेलंच. एक वर्षात होतं, घरी बसून करता येतं. शिवणकामाला मी नावं ठेवत नाही. पण गावात दहा मशिनी आल्या म्हणून ब्लाउज शिवून घेणाऱ्या बाया दहापट होत नाहीत. आता आपल्या भोवती बघा. ऊर्जानगरचं वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचं. कोळशाच्या खाणी, गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरला कागदाचा कारखाना, कोनसरीला लोहप्रकल्प. या सगळ्यांना वीजतंत्री लागतात. शिवाय गावोगावी मोटारपंप आहेत, धानाच्या गिरण्या आहेत. मग हे काम फक्त पोरांचं कसं?

आधी खर्च पाहू. सगळे फी विचारतात. सरकारी संस्थेत फी हा सर्वांत लहान खर्च असतो. मोठा खर्च बुडालेल्या मजुरीचा. तेंदूपत्ता, मोहफूल, रोवणी, कापणी, या सगळ्यात मुलीचे हात असतात. २०२५-२६ साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. वर्षाला १०० दिवस धरले तर ३१,२०० रुपये, आणि कोर्स दोन वर्षांचा, म्हणजे ६२,४०० रुपये. तिच्या वाटचं पाणी, सरपण, धाकटी भावंडं हे आईच्या अंगावर येतं ते वेगळंच. त्याची किंमत कुणी लावत नाही.

दुसरा खर्च राहण्याचा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. परीक्षेला बसायला तर ८० टक्के हजेरी लागते. दूरच्या गावच्या मुलीने रोज येऊन-जाऊन ते जमत नाही. वसतिगृह मिळालं तर प्रश्न सुटतो. नाही मिळालं तर खोली आणि जेवण मिळून महिन्याला ३,००० रुपये धरू. दोन वर्षांचे ७२,००० होतात. म्हणजे खोली करून राहणाऱ्या मुलीचा खर्च १,३४,४०० रुपये आणि वसतिगृहातल्या मुलीचा ६२,४००. हा फरक लक्षात ठेवा.

आता मिळकत. कोर्सनंतरचं एक वर्ष शिकाऊ उमेदवारीचं. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं. वर्षाचे ८४,०००. त्यातून बुडालेली मजुरी आणि खोलीचे ३६,००० वजा केले तरी १६,८०० उरतात. म्हणजे या वर्षी कर्ज वाढत नाही, थोडं फिटतं. राहिले किती? खोलीवालीचे १,१७,६०० आणि वसतिगृहातल्या मुलीचे ४५,६००.

पुढे दोन वाटा. एक नोकरीची. महावितरणने २०२३ साली विद्युत सहाय्यकांच्या जाहिरातीत पहिल्या वर्षी महिना १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये देऊ केले होते. त्यात खोलीवालीचे पैसे वर्ष-सव्वा वर्षात निघतात. पण जागा थोड्या, अर्ज ढीगभर. तेव्हा दुसरी वाट धरून चालू. गावातच वायरिंग आणि मोटार दुरुस्ती. महिन्याला १२ दिवस काम, दिवसाला ५०० रुपये, असं धरू. मजुरीपेक्षा वर्षाला ४०,८०० जास्त. वसतिगृहातल्या मुलीचे पैसे चौदा महिन्यांत वसूल होतात. खोलीवालीला जवळजवळ तीन वर्षं लागतात. शिकाऊ उमेदवारी मिळालीच नाही तर त्याहूनही जास्त.

सोळाव्या वर्षी शिकायला लागलेली मुलगी तोवर बावीस वर्षांची होते. घरात लग्नाचा विषय केव्हाच निघालेला असतो. बाप म्हणतो, खर्च आम्ही करायचा आणि कमाई सासरच्यांनी खायची का? त्याचा हिशोब चुकीचा नाही. पण तो मुलीच्या नावावर मांडलेला नाही. हातात कसब असलेली मुलगी माहेरी असो, सासरी असो की एकटी असो, तिला रोज कुणापुढे हात पसरावा लागत नाही. ही मिळकत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दुसरी एक गोष्ट अनुभवाची सांगते. आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. खांबावर चढायची वेळ आली की निदेशक आम्हाला रजिस्टर लिहायला बसवायचे. आम्ही हट्ट धरला, तेव्हा चढायला मिळालं. फी मुलांइतकीच भरायची आणि अर्धंच शिकायचं, हाही तोटाच. म्हणून आपली मुलगी तिथे काय शिकते ते गटाने जाऊन विचारलं पाहिजे.

तेव्हा कोर्स परवडतो का, याचं उत्तर वसतिगृह आणि शिकाऊ उमेदवारी या दोन गोष्टींवर आहे. दोन्ही एकट्या बापाच्या हातातल्या नाहीत. त्या गटाने मिळवायच्या आहेत. नियमाप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं कामावर असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. हजार कामगार असतील तर किमान २५. त्यात या दोन जिल्ह्यांतल्या मुली किती, हे कारखान्याला लेखी विचारू या. त्यांच्यासाठी संडास, कपडे बदलायची खोली आहे का, तेही विचारू. आयटीआयमध्ये मुलींच्या ३० टक्के जागा आहेत, त्या वीजतंत्रीत किती भरल्या, याची माहिती मागू.

आणि आश्रमशाळेत आठवी-नववीपासूनच मुलींच्या गणित-विज्ञानाकडे बघा. दहावीला तिथेच अडलं तर पुढचा सगळा हिशोब मांडायची वेळच येत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दहावी झालेल्या मुलींची यादी आणावी. कुणाला वसतिगृह लागतं ते समोर लिहावं. अर्ज आपण बरोबर बसून भरू.