कालप्रवासाच्या कथा व विद्यार्थ्यांचा प्रश्न
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



कालयंत्राची गोष्ट सांगून झाली, की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "गुरुजी, हे खरेच घडेल का?" "छे, साऱ्या थापा!" असे म्हणून त्यास खाली बसविणे सोपे आहे, परंतु ते उत्तर शास्त्राला धरून नाही.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १८९५ साली आपल्या कादंबरीचा नायक यंत्रावर बसवून आठ लक्ष वर्षे पुढे धाडला. तेव्हा ती निव्वळ कल्पना होती. पुढे १९०५ साली आइन्स्टाइन यांनी दाखविले की, वेगाने जाणाऱ्याचा काळ सावकाश सरतो. १९७१ साली हाफेले व कीटिंग यांनी अणुघड्याळे विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. पूर्वेकडून फिरून आलेली घड्याळे भूमीवरील घड्याळांच्या मानाने सेकंदाच्या सुमारे ५९ अब्जांश मागे पडली होती.

हे फळ्यावर असे मांडावे: जुळ्या भावांपैकी एक प्रकाशाच्या चार-पंचमांश वेगाने प्रवास करून परतला. गावी १० वर्षे लोटली असतील, तर त्याची ६ वर्षेच सरली असतील. असे वाहन आज नाही; नियम मात्र कसोटीस उतरलेला आहे. म्हणजे भविष्याकडे जाणे तत्त्वतः शक्य आहे.

भूतकाळाची गोष्ट निराळी. १९४९ साली गोडेल यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून भूतकाळाकडे वळणारे मार्ग काढले. पण ते स्वतःभोवती फिरणाऱ्या विश्वातले. आपले विश्व तसे असल्याचा पुरावा नाही. शिवाय नातवानेच मागे जाऊन आजोबांचे लग्न मोडले, तर नातू आला कोठून?

येथे एक सावधगिरी हवी. भागवतातील रेवती पित्यासह ब्रह्मलोकी जाऊन परतते, तो पृथ्वीवर युगे उलटलेली असतात. ही कथा अवश्य सांगावी, तिच्या कल्पनेचे कौतुक करावे. पण तिला सापेक्षतेचा पुरावा म्हणू नये. पुरावा घड्याळाने दिला, कथेने नव्हे. वेल्स यांच्या कादंबरीसही हाच न्याय लावावा.

तेव्हा फळ्यावर तीन रकाने आखावेत: प्रयोगाने सिद्ध, गणिताने संभाव्य आणि केवळ कल्पित. कथेतील प्रत्येक प्रसंग कोठे बसतो, हे मुलांनाच ठरवू द्यावे. एखादा प्रसंग कोठेच बसला नाही, तर "हे अद्याप कळलेले नाही" असे मोकळेपणाने सांगावे. त्याने गुरुजींचा मान उणा होत नाही. उलट मुलांची जिज्ञासा जागी राहते.