काळ्या गाडीवरचे बारीक ओरखडे

पापड, मसाले, शेळीपालन यांवर आपण या कार्यक्रमात पुष्कळ बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. काळ्या स्पोर्ट्स कारच्या रंगावरचे बारीक ओरखडे पॉलिश करून कसे काढायचे, ते आज सांगणार आहोत. हसू नका. आमचा गट कोकणात मुंबई-गोवा महामार्गालगत गाड्या धुण्याचं केंद्र चालवतो. सुट्टीच्या दिवसांत तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या थांबतात. धुण्यात पैसे थोडे सुटतात, पॉलिशमध्ये जास्त. म्हणून आम्ही हे काम शिकलो. काळी गाडी सगळ्यात अवघड. ती जमली की बाकीच्या जमतात.

आधी रंग समजून घेऊ. पत्र्यावर गंज न चढू देणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. कंपनीतून आलेल्या बहुतेक गाड्यांवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे आपण ज्या थरावर काम करतो, तो केसाहूनही पातळ.

पॉलिशने ओरखडा भरून निघतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. ओरखडा म्हणजे खाच. पॉलिश तिच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणतं, मग खाच उरत नाही. आजीच्या काळातली कल्हईची भांडी आठवा. राख आणि काथ्या घेऊन जोरात घासलं की कल्हई उडायची आणि आतलं पितळ दिसायचं. भांड्याला निदान कल्हईवाला होता. क्लिअर कोट गेला तर तो भाग पुन्हा रंगवावा लागतो, आणि तो खर्च आपल्या गळ्यात पडतो. म्हणून आमचा पहिला नियम: काम होईल तेवढंच घासायचं, त्यापुढे एक हातही नाही.

हे ओरखडे येतात कुठून? बहुतेक वेळा धुण्यापुसण्यातूनच. तांबड्या मातीची धूळ गाडीवर बसते. मालक कोरडं फडकं घेऊन ती झटकतो, आणि धुळीतले कण पॉलिशपेपरसारखे रंगावर फिरतात. पांढऱ्या गाडीवरही असे ओरखडे असतात, पण दिसत नाहीत. काळ्यावर उजेड पडला की ओरखड्याची कड पांढरी चमकते आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात.

तेव्हा आधी धुणं नीट हवं. गाडी सावलीत घ्यायची आणि पत्रा थंड होऊ द्यायचा. नुसत्या पाण्याने माती सोडवायची. मग दोन बादल्या घ्यायच्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, वरून खाली हात फिरवायचा आणि साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत घालायचा. चाकांसाठी फडकं वेगळं. कपड्यांची पावडर नको. बोअरचं पाणी गाडीवर वाळू दिलं तर क्षारांचे पांढरे डाग पडतात, म्हणून मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्यायचं.

आता ओरखडा तपासायचा. नख हलकेच आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा आहे. मग त्यावर पाणी फिरवा. ओला असताना दिसेनासा झाला तर तो बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे, पॉलिशने जाईल किंवा पुष्कळ कमी होईल. नख अडकलं आणि पाण्यातही पांढरी किंवा करडी रेघ राहिली, तर तो प्रायमरपर्यंत गेला आहे. तो पॉलिशने जात नाही.

कामाला लागण्याआधी स्वतःकडे बघा. बांगड्या, अंगठ्या काढा. मंगळसूत्र आत घाला, पदर घट्ट खोचून वर एप्रन बांधा, केस बांधा. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा बाजूला ठेवा. दागिन्याने नवा ओरखडा पडेल हे तर झालंच, पण फिरत्या यंत्रात पदर किंवा केस गेला तर जिवावर बेतेल. जमीन कोरडी हवी, पायात चप्पल हवी. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची. नाकातोंडाला मास्क लावायचा.

रबराच्या पट्ट्या, दिवे आणि पत्र्याच्या धारदार कडा यांवर कागदी चिकटपट्टी लावा. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो. यंत्र डबल अ‍ॅक्शनचं घ्या. त्याची चकती फिरते आणि डोलतेही, त्यामुळे एका जागी उष्णता कमी साठते. नुसतं गोल फिरणारं यंत्र नवख्या हातात रंग जाळू शकतं. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे उष्णता चटकन साठते, म्हणून हात आणखी हलका ठेवा.

आधी हातभर जागेवर करून बघा. मऊ फोमचं पॅड, बारीक पॉलिशचे वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. यंत्र कमी वेगावर पसरवा, मग वेग वाढवून सावकाश उभे-आडवे चार-पाच हात मारा. पुसा. बॅटरीच्या उजेडात बघा. काम झालं असेल तर तेच पूर्ण गाडीला. नसेल तरच जरा कडक पॅड किंवा कंपाउंड, आणि शेवटी परत बारीक पॉलिश. काही पॉलिशमधलं तेल खाचेत बसून ओरखडा झाकतं, म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून खात्री करायची. सगळं झाल्यावर मेण लावायचं. खोबरेल आणि टूथपेस्टचे घरगुती उपाय गिऱ्हाइकाच्या गाडीवर करू नका. तेल दोन धुण्यांत उतरतं. टूथपेस्टने नवे ओरखडे पडू शकतात.

गेल्या मे महिन्यात एक काळी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी आमच्याकडे आली. बॉनेटवर जाळी होती आणि दारावर एक लांब ओरखडा. मालक म्हणाला, "ताई, सगळं साफ करा, पैशाचं बघू नका." दारावर नख अडकलं, पाण्यातही रेघ पांढरीच राहिली. आम्ही सांगितलं, "दादा, बॉनेट होईल. दाराचा हा जाणार नाही. घासत बसलो तर वरचा थर जाईल आणि पुढे उन्हात तिथे रंग खराब होईल. त्याला रंगारीच हवा." तो जरा नाराज झाला, पण बॉनेटचं काम त्याने दिलं. दाराचे पैसे आम्ही सोडले.

त्या संध्याकाळी गटात बोलणं झालंच. बँकेचा हप्ता तोंडावर, मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च समोर. हातचं काम का सोडायचं, असं एकीने विचारलं, आणि तिचं विचारणं रास्त होतं. मग आम्ही वहीत हिशेब मांडला. एका दाराच्या पॉलिशचे पैसे एका बाजूला, तेच दार पुन्हा रंगवून देण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला. बायकांनी केलेलं काम बिघडलं की "बायकांना गाडीतलं काय कळतं" हे ऐकावं लागतं, ते वेगळंच. त्यावर सगळ्याजणी एकमत झाल्या.

तेव्हापासून आम्ही गाडी घेताना मालकासमोर ओरखडे मोजतो. जाणारे कोणते, कमी होणारे कोणते, न जाणारे कोणते, हे वहीत लिहितो आणि त्याची सही घेतो. मोबाइलवर फोटो काढतो. दरही तासांवर ठरवतो, कारण पूर्ण गाडीला दोघींचा अख्खा दिवस सहज जातो. त्यात मजुरी, साहित्य, वीज आणि यंत्राची झीज धरायची.

तुमच्या गटाला हे काम करायचं असेल तर यंत्र लगेच विकत घेऊ नका. भंगारवाल्याकडून जुना बॉनेट आणा, काळा मिळाला तर उत्तम. त्यावर महिनाभर हात बसवा. त्यावर कितीही चुकलात तरी कुणाचं नुकसान नाही.