मंडईच्या रात्री घरी कोण थांबणार?

रेडिओ ऐकत बसलेल्या आजी-आत्यांना नमस्कार, आणि घरातल्या भाऊ-दादांनाही नमस्कार. आजचं बोलणं तुमच्यासाठीही आहे, म्हणून आवाज थोडा मोठाच ठेवा.

मी बचत गटांची सहयोगिनी. माझ्याकडे बारा गट आहेत. एरवी मी तुमच्याशी बचत, कर्ज आणि हप्ते यांबद्दल बोलते. आज मात्र वही बाजूला ठेवली आहे. आज बोलायचं आहे आपल्या घराबद्दल आणि या दिवसांबद्दल.

हे दिवस म्हणजे आश्विन आणि कार्तिक. पाऊस ओसरला की आपल्या गोंदिया जिल्ह्याचा रंगच बदलतो. हलका धान पिवळा पडायला लागतो, भारी धान अजून हिरवाच उभा असतो. सकाळी बांधीच्या धुऱ्यावरून चाललं की लुगड्याचा काठ दवाने ओला होतो. दुपारी ऊन चटका देतं, पण संध्याकाळी अंगणात बसलं की अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. मामा तलावांचं पाणी नितळ होतं आणि बाजारात शिंगाडे येतात. धिवर बाया पहाटे तलावावरून शिंगाडे काढून आणतात, उकडतात आणि टोपल्यात घेऊन बसतात. काळ्या सालीचा गरम शिंगाडा मधोमध चिरायचा आणि पांढरा गर तोंडात टाकायचा. आमच्या घरी संध्याकाळी सगळे गोल बसून शिंगाडे सोलतात. सोलणारा एक आणि खाणारे चार, म्हणून भांडणंही होतात. त्या भांडणातही मजा असते.

मग घर सारवायला काढायचं. आमच्याकडे अजून दोन खोल्या मातीच्या आहेत. मागच्या वर्षी पांढरी माती भिजवली, तेव्हा माझी लेक म्हणाली, मलाही द्या. आठ वर्षांची आहे ती. तिने भिंतीच्या खालच्या भागाला पोतेरं फिरवलं आणि वर बोटांनी सारस काढला. सारसाचे पाय इतके लांब झाले की मानेला जागाच उरली नाही. आम्ही तो पुसला नाही. दिवाळीला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, हा उंट कोणी काढला?

कोजागिरीला आम्ही अंगणात चूल मांडतो. गॅस आहे, पण त्या रात्री चूलच पाहिजे असं सासऱ्यांचं म्हणणं असतं. दुधात फार काही नसतं, साखर, वेलची आणि असली तर थोडी चारोळी. शेजारच्या तीन घरची लेकरं येतात. सासरे त्यांना मालगुजारीच्या काळातल्या गोष्टी सांगतात. तलाव कसे बांधले, नवेगावबांधचा एवढा मोठा तलाव कोहळी लोकांनी कसा उभा केला. लेकरांना निम्मं समजत नाही, तरी ऐकतात. दुधावर साय धरेपर्यंत कोणीही उठत नाही.

या सगळ्याला पैसा किती लागला? पाव-अर्धा किलो शिंगाडे, लिटर-दोन लिटर दूध आणि घमेलंभर माती. गटात दिवाळीसाठी कोणी कर्ज मागितलं तर मी नाही म्हणत नाही, तो तुमचा हक्क आहे. पण एवढं सांगते, की लेकरांना पुढे आठवतं ते अंगण. नवा पडदा त्यांच्या लक्षात राहत नाही.

इथपर्यंतचं बोलणं गोड होतं. आता खरी गोष्ट सांगते.

भाऊबीज झाली की आपल्या भागात मंडई सुरू होते. बाहेरच्या लोकांना मंडई म्हटलं की भाजीबाजार वाटतो. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे मंडई म्हणजे गावाचा उत्सव. आज या गावाची, उद्या त्या गावाची, असे दिवस ठरलेले असतात. गायगोधन होतं, गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात. दुकानं लागतात, पाळणे लागतात, जिलेबी तळली जाते. गावोगावचे पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. आणि रात्री दंडार. कुठे वडशाच्या नाटक कंपनीचं नाटकही असतं, पण आमच्या गावात अजून दंडारच होते.

माझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत मी आमच्या गावची दंडार एकदाही बघितली नव्हती. ढोलकी ऐकली होती. रांधणखोलीच्या मागच्या खिडकीतून मंडपाचा उजेड दिसायचा. पण त्या रात्री घरी चौदा-पंधरा पाहुणे असायचे. सकाळी कोचईच्या पानांच्या वड्या आणि सुवाऱ्या, रात्री कोंबड्याचा रस्सा आणि भात. एक पंगत उठली की दुसरी बसायची. कोणी अकराला दंडार सोडून जेवायला यायचे, कोणी एकला. मला वाईट वाटायचं असं नाही. मंडईत घरच्या सुनेने घरी असायचं असतं, असंच डोक्यात होतं. सणाचा आनंद म्हणजे सगळ्यांना पोटभर वाढणं, असं मीच माझ्या गटातल्या बायांना सांगायची.

मागच्या वर्षी दिवाळीआधीच्या बैठकीत माझी लेक सोबत होती. बाया मंडईबद्दल बोलत होत्या. तिने सहज विचारलं, "आई, दंडारीत बायका का नसतात?" सगळ्या हसल्या. एक ताई म्हणाल्या, असतात की, माहेरी आलेल्या लेकी असतात. मग मी विचारलं, आपल्या सासरच्या गावची दंडार मागच्या वर्षी कोणी पूर्ण बघितली, हात वर करा. अकरा जणींपैकी दोघींचे हात वर आले. एकीच्या घरी त्या वर्षी सुतक होतं, म्हणून पाहुणे आले नव्हते. दुसरी घरात एकटीच राहते.

बैठकीत कोणी काही बोललं नाही. मी हप्ते लिहिले, सह्या घेतल्या आणि घरी आले.

रात्री भाकरी करताना सासूबाईंना हे सांगितलं. त्या चुलीपाशी बसून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "यंदा तू जाय. मी रायतो घरी." मी म्हटलं, आई, तुम्ही कधी पाहिली दंडार? त्यांनी लसूण खाली ठेवला. "लगनाच्या आधी पायली. माझा बा दंडारीत बाईचं सोंग घेत होता. लुगडं नेसून असा नाचे, का गावातल्या बाया म्हणत, आपल्याले असं नेसता येत नाही. मले सारे गाने पाठ होते." मी विचारलं, आणि इथे आल्यावर? त्या म्हणाल्या, "इथं कायची दंडार? इथं चूल."

सासूबाई आता साठीच्या पुढे आहेत. म्हणजे चाळीस वर्षं झाली असतील. ज्या बाईचा बाप दंडार गाजवायचा, ती बाई तीच ढोलकी चाळीस वर्षं घरात बसून ऐकत होती. मी त्यांच्यासोबत अकरा वर्षं एका चुलीवर रांधते आहे आणि मला हे माहीत नव्हतं. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या बैठकीत आम्ही विषय घेतला. कोणी म्हणालं, पाहुण्यांना उपाशी ठेवायचं का? कोणी म्हणालं, घरचे पुरुष ऐकतील का? मी म्हटलं, आपण कर्जाचा हिशेब करतो तसा त्या रात्रीचा हिशेब करू. कोणतं काम, किती वेळ, कोण करतं. वहीत लिहिल्यावर दिसलं की रांधायला फार वेळ लागतच नाही. वेळ जातो तो वाट बघण्यात, पुन्हा पुन्हा गरम करण्यात, पुन्हा पुन्हा वाढण्यात आणि रात्रीच भांडी घासण्यात.

मग आम्ही चार गोष्टी ठरवल्या. पहिली, भारी जेवण सकाळी, पाहुणे घरात असतानाच. दुसरी, रात्रीचा भात-रस्सा सातच्या आत करून मोठ्या गंजात झाकून ठेवायचा. ज्याला भूक लागेल त्याने घ्यायचं, आणि वाढायला घरातला एक पुरुष थांबायचा, पाळीपाळीने. तिसरी, भांडी सकाळी, सगळ्यांनी मिळून. चौथी, ज्या घरात म्हातारं किंवा आजारी माणूस आहे, त्या घरी शेजारच्या दोन घरांनी मिळून एक माणूस बसवायचा.

हे बोलायला सोपं होतं. घरी सांगायला मला तीन दिवस लागले. माझे पती वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, लोक काय म्हणतील? सासरे काहीच बोलले नाहीत, ते आणखी अवघड. शेवटी लेकीने बाजू घेतली. तिच्या शाळेत सारसाची माहिती सांगितली होती. धानाच्या बांधीत आणि पाणथळ जागेत सारस घरटं करतो, मादी एक-दोन अंडी देते आणि नर-मादी दोघंही पाळीपाळीने अंड्यांवर बसतात. ती आजोबांना म्हणाली, "बाबा सारस घरी बसतो, मग आई सारस चरायला जाते." सासरे हसले. म्हणाले, "बरं, यंदा मी सारस होतो."

मंडईचा दिवस आला. सगळं ठरल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. रस्सा खाली लागला. माझ्या नणंदेला राग आला, म्हणाली, माहेरी आले आणि वहिनी घरी नाही. तिचं म्हणणं मला समजलं. ती तिच्या सासरी वर्षभर तेच करते, तिला एक दिवस तयार ताट हवं होतं. मी तिलाही सोबत चल म्हटलं, पण आधी कान उघडणी ऐकून घ्यावी लागली. दूरच्या नात्यातल्या एका काकांनी दारातून विचारलं, "घरची लक्ष्मी कुठं गेली?" माझे पती म्हणाले, "दंडारीत गेली. बसा, पाणी मी देतो." हे मला नंतर कळलं, कारण मी तिथे नव्हते.

मी मंडपात होते. ताडपत्रीवर, दुसऱ्या ओळीत. माझ्या एका बाजूला नणंद, दुसऱ्या बाजूला सासूबाई, त्यांच्या मांडीवर लेक. ढोलकी सुरू झाली, टाळ सुरू झाले आणि लुगडं नेसलेला नाच्या पुढे आला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने मी पाहिलं, तर त्यांचे ओठ हलत होते. गाणं त्यांना येत होतं. चाळीस वर्षांनी, शब्दाला शब्द. लेक मला म्हणाली, "आई, आजीला पुढचं आधीच माहीत आहे!"

रात्री एक वाजता थंडी वाढली. मी म्हटलं, आई, घरी जाऊ या का? त्या म्हणाल्या, "तुले जायाचं असन तं जाय. मी नाही येत."

दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांचा ढीग पडला होता. सासऱ्यांनी विहिरीचं पाणी काढलं, पतींनी गंज घासले, नणंदेने ताटं विसळली. सासूबाई अंगणात सडा टाकत गाणं म्हणत होत्या. अकरा वर्षांत मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. आता त्या लेकीला गाणी शिकवतात. मी ती एका वहीत उतरवून घेते आहे. पाठ असलेलं माणूस गेलं की गाणंही जातं, हे मला उशिरा कळलं, पण कळलं.

मैत्रिणींनो, आमच्या गटातल्या सगळ्या गेल्या असं नाही. अकरापैकी सहा जणी गेल्या. दोघींच्या घरी साफ नाही म्हटलं. एकीच्या घरी अजून धुसफूस आहे. एका वर्षात सगळं होत नाही.

मंडई संपली की भारी धानाची कापणी लागते. मग आपण अंधार पडेपर्यंत बांधीत वाकलेल्या असतो. कडपा, भारे, पुंजणे, चुरणे, आणि घरी येऊन पुन्हा चूल. तेव्हा अंगणात बसायला वेळ मिळत नाही. वर्षातले हे मधले थोडेसे दिवसच आपले आहेत. शिंगाडे, चांदणं, मंडई, यांना पैसा थोडाच लागतो. पण वेळ लागतो, आणि तो वेळ घरातल्या कोणाकडून तरी येतो. दरवर्षी एकाच बाईकडून येत असेल तर ते आपण बोलायला हवं.

म्हणून आज एकच काम देते. जेवणं झाली की आपल्या सासूबाईंना, आईला, आजीला विचारा, लग्नाआधी तुम्हाला या दिवसांत काय आवडायचं? उत्तर येईपर्यंत थांबा. लगेच येणार नाही. आधी म्हणतील, मला काय आवडणार? थोडं थांबा, लसूण सोलत बसा. मग सांगतील.

काय सांगितलं ते पुढच्या बैठकीत मला नक्की सांगा. सगळ्यांना दिवाळीच्या आणि मंडईच्या शुभेच्छा. नमस्कार.