घर शोधणाऱ्यांच्या कादंबऱ्या

(एका वाचक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आशियाई लेखकांच्या, त्यातही मायभूमीपासून दूर वाढलेल्या लेखकांच्या कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात, हे मी सांगावे अशी संयोजकांची अपेक्षा आहे. लांबलचक यादी मी आणलेली नाही. तीन-चार पुस्तकांविषयीच बोलेन, पण आधी एक कबुली देतो.

व्ही. एस. नायपॉल यांचे नाव मी अनेक वर्षे अग्रलेखांतून आणि वादविवादांतून सढळ हाताने वापरले. भारताविषयीची त्यांची परखड विधाने माझ्या फार उपयोगी पडत. त्यांची कादंबरी मात्र मी वाचलेली नव्हती! २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना आनंद झाला. परंतु तो आनंद वाचकाचा होता की वकिलाचा, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला.

मग मी ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ हाती घेतली. १९६१ सालची ही कादंबरी त्रिनिदादमध्ये घडते. १८४५ पासून ऊसमळ्यांवर राबण्यासाठी ‘गिरमिट’ म्हणजे करारपत्रावर नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज तेथे राहतात. त्यांच्यापैकी एक मोहन बिस्वास. आधी पाट्या रंगवणारा, पुढे वार्ताहर झालेला. लेखकाचे वडीलही त्रिनिदादमध्ये पत्रकारच होते आणि बिस्वासचे पात्र बरेचसे त्यांच्यावरूनच बेतलेले आहे. (आमच्या व्यवसायातील माणसाला या पुस्तकाची ओढ अधिक वाटली, तर ते क्षम्य मानावे.)

बिस्वास तुळशी नावाच्या प्रतिष्ठित कुटुंबाचा जावई होतो आणि ‘हनुमान हाउस’ नावाच्या किल्लेवजा वाड्यात अडकतो. वाड्यावर मारुतीची मूर्ती आहे, आत रोज पूजा होते. आणि त्याच घरातील मुलगे कॅथलिक शाळेत जाताना गळ्यात क्रूस घालतात. एकत्र कुटुंब जावयांना पोसते आणि त्यांचा कणाही मोडते. हे वाचताना मला राग आला. आपल्या संस्थांची ही थट्टा कशासाठी, असे वाटले. परंतु पुढे वाचता वाचता लक्षात आले की मायभूमीपासून तुटलेला समाज आचार घट्ट धरून ठेवतो, तेव्हा अर्थ हातातून कसा निसटत जातो, हे आत राहिलेल्या माणसाशिवाय कोणाला दिसणार? आपल्याला गोड वाटेल असे लिहिण्याचे बंधन नायपॉल यांनी कधीच मानले नाही. वादात ते आपल्या बाजूचे म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. मग कादंबरीत ते आपल्या घरात डोकावले, तर तक्रार कसली?

बिस्वासला हवे असते केवळ स्वतःचे घर. अखेर कर्ज काढून तो ते घेतो. घर फसवणुकीचे निघते. मागचा जिना धोकादायक, काही दारे-खिडक्या नीट लागत नाहीत. वयाच्या ४६ व्या वर्षी तो मरतो तेव्हा कर्ज शिल्लकच असते. पण तो स्वतःच्या छपराखाली राहून गेलेला असतो.

दुसरे पुस्तक मॉरिशसचे. अभिमन्यु अनत (१९३७–२०१८) यांची ‘लाल पसीना’ ही १९७७ सालची हिंदी कादंबरी. मॉरिशसच्या ऊसमळ्यांवरील चाबूक, उपासमार आणि त्यातून उभा राहणारा प्रतिकार तिच्यात आहे. शैली नायपॉल यांच्याइतकी बारीक नाही. काही प्रसंग भाषणासारखे वाटतात, हे मान्य केले पाहिजे. मात्र दिवसभर राबून रात्री ‘बैठका’त रामायण आणि अक्षरे शिकणारी ती माणसे विसरता येत नाहीत. मुंबईहून जहाजात चढलेले कोकणातील मराठी मजूरही त्याच बेटावर गेले. त्यांच्या वंशजांकडे आजही गणेशोत्सव होतो आणि तेथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते.

ही माणसे तेथे पोचली कशी, ते अमिताव घोष यांच्या ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) मध्ये वाचावे. काळ १८३८ चा. गाझीपूरकडची, अफूची शेती करणारी दीती नवऱ्याच्या चितेवरून वाचते आणि मॉरिशसला निघालेल्या ‘आयबिस’ जहाजात बसते. जातपात मागे ठेवून एकमेकांना जहाजभाई, जहाजबहीण म्हणणारे ते प्रवासी मला सर्वांत जवळचे वाटतात. भाषेचा गोंधळ सुरुवातीला छळतो. तो मुद्दाम आहे, सोसावा.

हे दुःख आपल्याच वाट्याला आले असे वाटत असेल, तर मिन जिन ली या कोरियन-अमेरिकन लेखिकेची ‘पाचिंको’ (२०१७) पाहा. जपानमध्ये चार पिढ्या काढलेले हे कोरियन कुटुंब. त्यातील सॉलोमन तेथेच जन्मलेला. आणि तरीही चौदाव्या वाढदिवशी त्याला बोटांचे ठसे देऊन परकीय म्हणून नोंदणी करावी लागते.

आरंभ बिस्वासपासूनच करावा. प्रारंभीची पाने संथ आहेत, तेथे पुस्तक मिटू नये. ‘लाल पसीना’ मात्र मूळ हिंदीतूनच वाचावी. आपल्याला ते अवघड नाही.