कर्मचारी संघाची निवडणूक आणि आपली ज्ञाती
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील एक तरुण विद्यापीठाच्या परीक्षा विभागात लिपिक आहेत. ते यंदा तेथील कर्मचारी संघाच्या अध्यक्षपदासाठी उभे आहेत, ही वार्ता आपणा सर्वांस विदित आहेच. त्यांच्या पाठिंब्याचे पत्रक ज्ञातीतर्फे काढावे, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आणि ते लिहिण्याचे काम आमच्याकडे सोपविण्यात आले. ते पत्रक आम्ही लिहिले नाही. त्याची कारणे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम हे पद म्हणजे काय, ते पाहू. विद्यापीठ म्हटले की प्राध्यापक व विद्यार्थी डोळ्यांपुढे येतात. गुणपत्रिका तयार करणारा, प्रयोगशाळेत काचपात्रे धुणारा, रात्री फाटकावर बसणारा कोणास दिसत नाही. या मंडळींस कामगार म्हणावे की नाही, याचाच वाद कित्येक वर्षे चालला. दिल्ली विद्यापीठाने आपल्या बसगाडीच्या चालकांना कामावरून दूर केले, तेव्हा विद्यापीठ हा ‘उद्योग’ नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर जन्माने साताऱ्याचे आणि कामगार-कायद्यातील मोठे अधिकारी. तरी चालकांच्या पदरी निराशाच आली. पुढे १९७८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरविला. १९८८ मध्ये मात्र गोव्यातील एका शिक्षिकेच्या दाव्यात, शिक्षक हा कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे, असे ठरले. (आम्हां मास्तरांनी हा मान समजावा की तोटा, हे आम्हांस अजून उमगलेले नाही.)

२०२३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या शिक्षकेतर सेवकांनी आश्वासित प्रगती योजना व सातवा वेतन आयोग यांसाठी संप केला, त्या वेळी परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. अशा वेळी अध्यक्षाने एका बाजूस कुलसचिवांशी बोलावयाचे, दुसऱ्या बाजूस पगार कापला जाईल या भयाने व्याकूळ झालेल्या शिपायाला धीर द्यावयाचा. त्या शिपायाची जात कोणती, हे विचारण्यास तेथे सवड नसते आणि अधिकारही नसतो.

इंग्लंडमध्ये प्राध्यापकांच्या संघाचा सरचिटणीस दर पाच वर्षांनी टपालाने आलेल्या गुप्त मतपत्रिकांवर निवडतात. २०२४ मध्ये चार उमेदवार होते आणि अखेरचा निकाल अवघ्या १८२ मतांनी लागला. मतदान शेकडा सुमारे १५ च! बाकीचे घरी बसले. म्हणजे एकजुटीचा एखादा लहान गटही तेथे पारडे फिरवू शकतो. आपले काही बंधू नेमके हेच गणित मांडतात: “आपली साठ-सत्तर मते एकगठ्ठा पडली, तर मुलगा निवडून आलाच समजा.” गणित चुकीचे नाही. आम्ही स्वतः ते एकदा केले आहे.

तालुक्याच्या शिक्षक संघटनेच्या सचिवपदासाठी आम्ही उभे होतो. ज्ञातीतील वडीलधारी मंडळी घरोघर हिंडली आणि आम्ही निवडून आलो. सहा महिन्यांनी एका शाळेतील शिक्षक अर्ज घेऊन आमच्याकडे आले. मुख्याध्यापकांनी त्यांची वेतनवाढ विनाकारण अडवून ठेवली होती. मुख्याध्यापक आपल्याच ज्ञातीचे. आमच्यासाठी रात्री उशिरापर्यंत फिरलेले. आम्ही तो अर्ज खणात ठेवला. महिना गेला. ते शिक्षक पुन्हा आले नाहीत. रस्त्यात भेटले की नमस्कार मात्र करीत. तो नमस्कार चुकविण्यासाठी आम्ही पुढे बाजाराची वाटच बदलली. या गोष्टीचा उच्चार आम्ही आजवर घरातही केला नव्हता.

“इतर ज्ञाती हेच करतात, मग आपणच का मागे राहावे?” असा प्रश्न येईल. इतर करतात हे खरे. परंतु आपल्या पत्रकाचा उपकार त्या तरुणाच्या खांद्यावर बसेल आणि आपल्यापैकीच कोणी तरी तो एके दिवशी वसूल करावयास जाईल. त्या वेळी नकार देणे किती कठीण असते, ते आम्ही जाणतो.

गेल्या रविवारी ते स्वतः आमच्याकडे आपले निवेदन तपासून घेण्यास आले होते. रोजंदारीवरील सेवकांची यादी त्यांनी स्वतः विभागवार फिरून केली आहे. निवेदनात आरंभीच “आपल्या समाजाचा सुपुत्र” असे शब्द होते. ते खोडावे काय, असे त्यांनीच विचारले. आम्ही खोडले, ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला.